सावडीची हजेरी

परवा तुमची ताई फोनवर वैतागून बोलत होती. तिच्या ऑफिसातली माणसं वेगवेगळ्या देशांत बसतात, आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर एकत्र येतात, आणि ती शिकवायला लागली की एकेकाचा चेहरा पडद्यावरून नाहीसा होतो. "आजी, माणसं ऐकताहेत की उठून चहाला गेलीत, हेसुद्धा कळत नाही. तुझं बरं होतं, तुझी मुलं समोर बाकावर बसायची."

बाकावर बसायची हे खरं. पण शिकवणारा एकीकडे आणि शिकणारे दुसरीकडे, असा एक वर्ग मीही सांभाळला आहे, आणि त्याची गोष्ट तुमच्यापैकी कुणालाच सांगितलेली नाही. ती लिहून पाठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि बारामतीच्या घरात मला दुपारी करायला काही उरलं नव्हतं. कपाटं लावून झाली, मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. आजोबा म्हणाले, "आता माझ्यावर चिठ्ठी चिकटवायच्या आत काहीतरी काम शोध." त्याच सुमारास एका संस्थेने विचारलं, इंदापूरला एक केंद्र चालवाल का? खेड्यातल्या बायकांना बालवाडीच्या ताई होण्याचं शिक्षण द्यायचं होतं, आणि ते शिक्षण टीव्हीवरून मिळणार होतं.

पद्धत अशी होती. इंदापूरच्या एका शाळेच्या गच्चीवर डिश अँटेनाची मोठी तबकडी बसवली होती. खालच्या खोलीत टीव्ही आणि फोन. आठवड्यातून दोन दुपारी पुण्याच्या स्टुडिओतून एक बाई शिकवायच्या. त्या आम्हाला दिसायच्या, आम्ही त्यांना दिसत नव्हतो. धडा झाला की पडद्यावर फोन नंबर यायचा, मग आम्ही फोन लावून प्रश्न विचारायचो, आणि त्या पडद्यावरून उत्तर द्यायच्या. अशी केंद्रं इतर तालुक्यांतही होती. माझं काम टीव्ही लावायचं, हजेरी घ्यायची, फोन जोडून द्यायचा आणि बायका जाग्या ठेवायच्या. शेवटचं काम मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेच सगळ्यात अवघड निघालं.

बायका कळस, पळसदेव आणि आसपासच्या वस्त्यांवरून वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या, जीपने यायच्या. सकाळी शेतात खुरपून, भाकऱ्या थापून, जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून दुपारी खोलीत पोचायच्या, आणि पंख्याखाली टेकल्या की दहा मिनिटांत माना कलायच्या. ज्या जाग्या असायच्या त्या डोक्यावरून पदर घेऊन खाली बघत बसायच्या. पडद्यावरची बाई आपल्याकडेच बघते आहे अशी त्यांची समजूत होती, आणि परक्या मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? मी सांगितलं, "अहो, त्यांना तुम्ही दिसत नाही." तर पळसदेवची एक बाई म्हणाली, "आसं कसं बाई? आत्ताच म्हनल्या की, सगळ्या नीट बसलात का!"

फोनचं तर विचारूच नका. पहिल्यांदा जिने फोन घेतला तिचा आवाज क्षणभराने टीव्हीतून परत ऐकू आला. तिने रिसीव्हर टाकला आणि पदराने तोंड झाकून म्हणाली, "आत कोन तरी माझी नक्कल करतंय."

मी मला जमेल ते केलं. खुर्च्या काढून सतरंजीवर अर्धगोल बसवलं, म्हणजे त्यांना टीव्हीबरोबर एकमेकींची तोंडंही दिसत. सुरुवातीला मी हात जोडून मांडीवर ठेवायला सांगत असे. मग लक्षात आलं की या बायकांचे हात थांबले की डोळे मिटतात. त्या भुईमुगाच्या शेंगा आणू लागल्या. शेंगा फोडता फोडता त्या डोळे उघडे ठेवून धडा ऐकायच्या, आणि मी नंतर टरफलं झाडायची. एकीने खेळाकडे लक्ष द्यायचं, एकीने खाण्याकडे, एकीने गाण्याकडे, आणि धडा संपल्यावर आपलं आपलं बाकीच्यांना सांगायचं, असं वाटून दिलं. थोडा फरक पडला. पण वर्ग खरा जागा केला तो कळसच्या एका बाईने.

ती तिशीची असेल. आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. एकदा धड्यात स्टुडिओतल्या बाई सांगत होत्या की मुलांना पाण्याशी खेळू द्यावं, टब भरून द्यावा. फोनची वेळ झाली तशी ही उठली, रिसीव्हर कानाला लावला आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "ताई, तुमच्याकडं नळ कितीदा येतो?"

पडद्यावरच्या बाई गोंधळल्या. "का हो?"

"आमच्याकडं टँकर येतो. टबात पोरं खेळवली तर त्यांच्या आया मला त्या टबात बुडवतील."

खोलीत सगळ्या हसल्या. स्टुडिओतल्या बाईही हसल्या, मग जरा विचार करून म्हणाल्या, "मग धान्य घ्या. ज्वारी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू द्या."

"आनि सांडली तर?"

"तर वेचायला लावा. तोही खेळच."

"हां," ही म्हणाली, "हे जमंल."

त्या दिवसापासून दर दुपारी फोनची वेळ झाली की सगळ्या शेंगा बाजूला ठेवून सावरून बसायच्या. आज कशावरून जुंपते ते ऐकायचं असायचं. स्टुडिओतल्या बाईंना तिचं नाव पाठ झालं होतं, "कळसहून फोन आला का? आज अजून भांडल्या नाहीत," असं त्या स्वतःहून म्हणायच्या. आणि भांडण ऐकायचं तर आधी धडा ऐकायला हवा, म्हणून बायका धडाही ऐकायच्या. काही दुपारी ती नसायची, किंवा मला वाटायचं की मागे कुठेतरी गप्प बसली आहे, कारण हजेरीत तिचं नाव घेतलं की मागून बारीक आवाजात "हजर" यायचं. बायकांबरोबर नणंदा, जावा, लेकरं अशी नेहमीच येत, त्यामुळे नव्या चेहऱ्याचं मला नवल वाटत नसे. अशा दुपारी वर्ग मात्र ढिला पडायचा.

अभ्यासक्रम संपायला थोडे दिवस राहिले तेव्हा प्रत्येकीच्या वस्तीवर जाऊन ती मुलांना कशी खेळवते ते बघायचं काम माझ्याकडे आलं. कळसला मी एसटीने गेले. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती होती, पत्र्याची आणि काही पक्की घरं. कळसच्या त्या बाईच्या घरची थोडी जमीन होती, घरातले दोघे भाऊ ती कसत. ओसरीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. भांडखोर बाईने मला बघितलं आणि खुरपं टाकून धावत आली. "जय भीम बाई! बसा, बसा. ए धाकले, चहा टाक."

मी बसले, वही उघडली, तिचं नाव घेतलं आणि म्हणाले, "चला, दाखवा मुलं कशी जमवता ते."

चुलीपाशी बसलेली विशीतली एक मुलगी मांडीवरचं बाळ खांद्यावर घेऊन उठली आणि म्हणाली, "बाई, ते नाव माझं हाय."

आवाज बारीक होता. मागून "हजर" म्हणणारा तोच.

मी वहीतलं नाव पुन्हा वाचलं. फोनवर भांडणारी थोरली मात्र जराही गडबडली नाही. तिने सरळ समजावून सांगितलं. धाकल्या जावेचं नाव नोंदवलं, कारण घरात दहावी झालेली तीच. थोरलीचं शिक्षण सातवीपर्यंत. पण धाकलीचं बाळ अंगावर पिणारं, त्याला जीपच्या गर्दीत कसं न्यायचं? म्हणून बऱ्याच दिवशी थोरली यायची, आणि त्या दिवशी थोरलीच्या वाट्याचं खुरपण धाकली करायची.

"सावड हाय बाई आमची," ती म्हणाली. "माझ्या रानात तुमच्या घरचं मानूस आलं, तर तुमच्या रानात माझ्या घरचं जानार. कुनाचा हात मोडला, कुनाचं पोर आजारी पडलं, तर दुसरं येतंय. काम थांबत न्हाय."

"अहो, पण हजेरी त्या व्यक्तीची असते."

"कामाला घर येतं बाई. मानूस कुठलं का आसंना."

शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पदरात हसू लागल्या. "आमी बी बाई, एकदोनदा." म्हणजे माझ्या वहीत हजर होती ती घरं होती. बाकीच्यांचा प्रश्न थोड्या दिवसांचा होता, तेवढी गैरहजेरी नियमात चालणारी होती. पण धाकलीचे निम्म्याहून जास्त धडे थोरलीने ऐकले होते, आणि ज्या दिवशी ती स्वतः आली त्या दिवशी एकदाही बोलली नव्हती. फोनवर तिच्या नावाने जे काही झालं ते सगळं थोरलीचं.

आणि धाकलीला अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवंच होतं. संस्थेने कळसला एक बालवाडी द्यायचं ठरवलं होतं. वस्तीतली शिकलेली ताई मिळाली तर ती वस्तीच्या समाजमंदिरात भरणार होती. नाही मिळाली तर गावातल्या एका बाईला नेमून देवळाच्या ओसरीवर.

"तितं आमची पोरं घेनार न्हाईत आसं न्हाय," धाकली म्हणाली. बाळाला थोपटत ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "घेतील. पन खालच्या पायरीवर बसवतील. मी तशीच बसले होते. माझ्या पोरानं बसू नये."

चहा आला. मी तो प्यायले आणि म्हणाले, "वहीत मी खरं तेच लिहिणार."

थोरलीचा चेहरा पडला. मग लगेच तिने दुसरी वाट काढली. शेवटच्या दुपारी प्रत्येकीने स्टुडिओतल्या बाईंशी फोनवर एका धड्याविषयी बोलायचं होतं, तीच परीक्षा. "तेवढं मी बोलते की. त्यांना कुठं दिसतंय? आवाज तर माझाच ओळखतात. उलट हिचा ऐकला तर म्हनतील, ही कोन चिमनी?"

खरंच होतं. त्या नावाला पुण्यात एक आवाज होता, आणि तो धाकलीचा नव्हता.

"आन मग बालवाडीत पोरांपुढं बी तूच बोलशील का आक्का?" धाकली म्हणाली. "म्या तोंड उघडायचंच न्हाय का कदी?"

थोरली रिकाम्या कपबश्या गोळा करू लागली. त्या उचलता उचलता म्हणाली, "मग बोल की बाई तूच. मी काय तुझं तोंड शिवलंय?" पण रागावून नाही.

मी बारामतीला परतले आणि हजेरी दुरुस्त करून संस्थेला कळवली. आजोबांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आपल्या सोसायटीच्या सभेला दरवर्षी तू जातेस आणि सही माझी असते, ती काय आहे?" मी त्यांना सांगितलं की तो विषय वेगळा.

शेवटची दुपार आली. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं, उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरायची घाई होती, तरीही पळसदेवच्या बायका आल्या. जीपमधून धाकली बाळासकट उतरली, मागून थोरली पिशवी घेऊन. मला नंतर कळलं की मधल्या दिवसांत येता-जाता जीपमध्ये वर्ग भरत होता. जिच्या वाट्याला जे लक्षात ठेवायचं आलं होतं, ते तिने धाकलीला सांगायचं. खेळ एकीने, खाणं दुसरीने. ड्रायव्हरलासुद्धा बडबडगीतं पाठ झाली होती म्हणतात.

एकेकीचा फोन झाला. त्या नावाची पाळी आली तशा स्टुडिओतल्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "या, या! आता कळस. आज मी तयारीत आहे हं."

धाकलीने बाळ थोरलीकडे दिलं आणि रिसीव्हर घेतला. मी टीव्हीचा आवाज कमी केला. पडद्यावर त्या बाई हसतमुखाने वाट बघत होत्या. "हॅलो? आवाज येत नाही. लाइन गेली का?"

"लाइन हाय ताई," धाकली म्हणाली. "तुमच्याशी इतके दिस बोलत व्हती ती माझी जाऊ. नाव माझं, पन मी आज पयल्यांदा बोलतीय."

तिचे शब्द क्षणभराने टीव्हीतून बारीक ऐकू आले. पडद्यावरच्या बाईंचं हसू थांबलं. त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. आम्ही त्यांना दिसत नव्हतो, पण आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसत होतं, आणि ते आम्ही पाहू नये असं मला वाटत होतं. त्यांना वाईट वाटलं होतं.

"मग मी इतके दिवस भांडले कुणाशी?"

"माझ्याशी, ताई!" थोरली सतरंजीवरून ओरडली, आणि ते बहुधा फोनशिवायही पुण्यापर्यंत गेलं असतं.

बाईंना हसू आवरेना. खोलीतल्या बायका मात्र हसल्या नाहीत. शेंगा तशाच हातात धरून सगळ्या धाकलीच्या पाठीकडे बघत होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. वर्गात एखादं मूल अजिबात बोलत नसेल तर काय कराल?"

"त्याला आदी काय बी इचारायचं न्हाय," धाकली म्हणाली. सुरुवातीला अडखळत, मग सरळ. "त्याला काम द्यायचं. सतरंजी टाक, वाट्या वाट, पानी दे. पोरं मग त्यालाच हाका मारत्यात, वाटी दे, मला दे. तितं त्याला बोलावंच लागतं. म्होरं उभं करून बोल म्हनलं तर ते आजून गप हुतं."

"हे मी कुठल्या धड्यात सांगितलं?"

"आक्कानं सांगितलं. कांदा काढताना. तुमी शिकवलं म्हनाली."

"मी नाही शिकवलं हे."

धाकली वळून थोरलीकडे बघू लागली. थोरलीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि छताकडे पाहिलं. "धडा लई बारका व्हता," ती म्हणाली. "म्हनून जरा घातलं त्यात."

"राहू द्या, चांगलं आहे," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी धाकलीला आणखी दोन धड्यांवर विचारलं. एक तिला आला, एकावर ती म्हणाली, "ते न्हाय माहीत. त्या दिवशी आमच्याकडचं कुनीच आलं नव्हतं." शेवटी बाई म्हणाल्या की बोलण्यात तुम्ही पास आहात, पण जितके धडे चुकले तितके स्वतः बसून ऐकल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही. पुढची तुकडी लवकरच सुरू होईल, तिच्यात बसा. "तुम्ही सांगितलं नसतंत तर आवाज कुणाचा होता ते मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "तरी आज देता येत नाही."

"व्हय ताई," धाकली म्हणाली आणि रिसीव्हर नीट जागेवर ठेवला.

ती रडली नाही. जीपमध्ये रडली असेल तर मला माहीत नाही. पण बालवाडी तोवर थांबणार नव्हती, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी संस्थेच्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या साहेबांनी सांगितलं की वस्तीसाठी जागा राखून ठेवता येत नाही, ताई नसेल तर बालवाडी देवळात. मी त्यांच्याकडून नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचली. निवृत्त शिक्षिकेला घाई नसते. ताईची नेमणूक होईपर्यंत मदतनीस बालवाडी उघडू शकते, असं त्यात होतं, आणि मदतनीस व्हायला सातवी पुरत होती.

साहेब म्हणाले, "पण सातवी झालेली, मुलं सांभाळणारी, वस्तीतलीच बाई आत्ता कुठून आणणार?"

मी म्हणाले, "आवाज जरा मोठा चालेल का?"

बालवाडी समाजमंदिरात थोरलीने उघडली. धाकली बाळाला तिच्याकडे ठेवून दुसऱ्या तुकडीच्या प्रत्येक दुपारी इंदापूरला आली. या वेळी नाव घेतलं की मी मान वर करून बघत असे. ती पुढे बसायची. फोन फारसा करायची नाही, आणि केलाच तर भांडायची नाही. ती विचारायची ते प्रश्न छोटे असत आणि स्टुडिओतल्या बाईंना त्यांच्यावर थांबून विचार करावा लागे. ती तुकडी संपली तेव्हा तिला प्रमाणपत्र मिळालं आणि ताईच्या रिकाम्या जागेवर तिची नेमणूक झाली.

मी त्यानंतर एकदाच कळसच्या बालवाडीत गेले. दारात चपला काढत होते तोवर थोरलीने मला गाठलं. "बाई, तुमीच सांगा हिला. कागदावर ही माझी साहेब झालीय, पन पोरांना जरा बी दमात घेत न्हाय. आवाजच चढवत न्हाय." आत मुलं भिंतीला टेकून गोल बसली होती, कुणी खाली नाही, कुणी वर नाही. मधोमध धाकली हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि ते ऐकू यावं म्हणून मुलं गुडघ्यांवर पुढे पुढे सरकत होती. थोरलीचं बोलणं ऐकून तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आक्का, हळू. धडा चाललाय."